अर्धपोटी बॅटऱ्या

मालगुंडच्या वरच्या अंगाला घाटी चढून गेलं की सडा लागतो. सडा म्हणजे कातळ, दुसरं काही नाही. पावसाळ्यात त्याच्यावर हिरवं पांघरूण येतं, दिवाळी सरली की ते विरतं, आणि मग उन्हाळाभर पायाखाली तापलेला तवा. त्या सड्यावर एकच घर होतं आणि त्या घरात एकच बाई. हौसा तिचं नाव. वाडी खाली, माडा-पोफळीच्या सावलीत, वहाळाच्या काठाने पसरलेली. "एकटी कशी गो राहतेस वर?" असं हौसाला कुणी विचारत नसे. विचारायला तिथवर जायला नको का!

आता देवाने खाली एवढी गार जागा दिलेली असताना माणूस कातळावर घर का बांधतो? तर महिपतमुळे. महिपत म्हणजे हौसाचा नवरा. माणूस मनाने वाईट नव्हता, पण राग आला की त्याला आईबाप दिसत नसत. त्याचं आणि त्याच्या चुलतभावाचं, रघूचं, बांधावरच्या फणसावरून वाजलं. फणस कापा होता की बरका, हेसुद्धा आज वाडीत कुणी छातीठोक सांगणार नाही. पण दोघे तिरीमिरीत देवळात गेले आणि ग्रामदेवीपुढे एकेक नारळ ठेवून मोकळे झाले. तुझ्या अंगणात पाय ठेवणार नाही, तुझ्या घरचं पाणी पिणार नाही; मी नाही आणि माझ्या घरचं माणूसही नाही. एवढ्याने महिपतचं पोट भरलं नाही. त्याने राहत्या घराची कौलं उतरवली, वासे सोडवले, आणि सड्यावर बापाचा पडीक तुकडा होता तिथे नेऊन घर पुन्हा उभं केलं. भोवती चिऱ्यांचा गडगा घातला, चांगला कमरेएवढा. हौसाला कुणी काही विचारलं नाही. तिने भांड्यांची पाटी डोक्यावर घेतली आणि नवऱ्यामागून घाटी चढली.

पुढे महिपत काविळीने गेला. रघूही दोन-तीन वर्षांत छातीत कळ येऊन आटोपला. नारळ ठेवणारे गेले, नारळ मात्र राहिले. ते उतरवायचे तर दोन्ही घरांनी देवळात एकत्र उभं राहून देवीला कौल लावायला हवा. आता दोन्ही घरांत बायकाच उरलेल्या. इकडे हौसा, तिकडे रघूची विमला. वाडीचा जाणता माणूस आप्पा, त्याच्याकडे कधीतरी विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "पुरुषांनी ठेवलेला नारळ बायकांनी कसा उतरवायचा?" झालं. आप्पाला उत्तर सुचलं नाही की तो प्रश्न विचारायचा, आणि वाडी त्यालाच निकाल समजायची.

हौसाला मूलबाळ नव्हतं. चार काजू, थोडी नाचणी, दोन शेळ्या, एवढ्यावर तिचं भागत होतं. खाण्याचे हाल नव्हते. हाल होते ते बोलण्याचे. शेळीशी किती बोलणार? शेळी ऐकते, पण तिला पुढचं काही विचारता येत नाही. कधी कधी हौसा मुद्दाम मोठ्याने खाकरायची, आपला आवाज आहे ना जागेवर, एवढं बघायला.

आणि वारा. वारा मात्र तिच्याकडे न बोलावता यायचा. समुद्र तिथून दिसतो, मधे आडोसा म्हणून झुडूप नाही. दर आषाढात पाच-पन्नास कौलं त्याने नेली नाहीत असं झालं नाही. "मेल्या, एकदा तरी सरळ ये," असं ती त्याला रोज म्हणायची.

नव्याण्णव सालची गोष्ट. विजेचे खांब गावच्या तिठ्यापर्यंत येऊन थांबले होते, वाडीपर्यंत यायला त्यांचं काय अडलं होतं कोण जाणे. अशात रत्नागिरीहून एका संस्थेचा सलिल नावाचा तरुण आला. लहानशी पवनचक्की उभी करायची, तिच्यावर बॅटऱ्या भरायच्या, घरोघर एकेक बॅटरी आणि दोन दोन दिवे, असं त्याचं काम. वाडी हरखली. फक्त वारा कुठे चांगला मिळेल एवढाच प्रश्न होता. आप्पा हसला आणि म्हणाला, "वारा हवाय? मग महिपतच्या सड्यावर जा. तिथे कौलंसुद्धा टिकत नायत."

सलिलने वारा मोजला आणि जागा तीच ठरली. पण गडग्याच्या आत चक्की आली असती तर रघूच्या घरची माणसं बॅटरी घेऊन येणार कशी? नारळ आडवा आला ना! पुन्हा आप्पा. आप्पाने निकाल दिला: चक्की गडग्याच्या बाहेर. बाहेरची जमीन वाडीची, आतली महिपतची. तसा हौसाच्या गडग्यापासून दोन हातांवर लोखंडी खांब उभा राहिला. वर तीन पाती आणि पत्र्याचं शेपूट, पायाशी बॅटऱ्यांची खोपी आणि बसायला सिमेंटचा कट्टा. चक्की सांभाळायला माणूस हवं होतं; शेजारी हौसाच होती. सलिलने तिला शिकवलं. हे चिमटे असे लावायचे, लाल लालला. हा काटा. बॅटरी रिकामी असली की इकडे, भरत आली की तिकडे. काटा हिरव्या रेघेवर जाऊन ठरला की मगच चिमटे काढायचे. वारा माजला की दोरी ओढून शेपूट दुमडायचं.

"जमेल ना, मावशी?"

"न जमायला काय? वाऱ्याची नि माझी ओळख तुझ्या जन्माआधीची हाय."

आणि काय सांगावं! ज्या सड्यावर चिटपाखरू फिरकत नव्हतं तिथे माणसांची ये-जा सुरू झाली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत बॅटरी, अशा बाया सकाळी घाटी चढायच्या, बॅटरी ठेवायच्या आणि संध्याकाळी न्यायला यायच्या. येताना वाडीतली बातमी. कुणाची म्हैस व्याली, कुणाचं पोर मुंबईला लागलं, कोण कुणाशी बोलत नाही. हौसा ऐकायची, विचारायची, पुन्हा विचारायची. गोदा नावाची एक फटकळ बाई म्हणालीसुद्धा, "काय गो, परीक्षा घेतेस काय?"

रघूची विमला पहिल्यांदा आली ती चौथ्या-पाचव्या दिवशी. नात्याने जावा. भांडणाआधी एका खाचरात वाकून लावणी केलेल्या, एकीच्या पाठीवरचं इरलं दुसरीने सारखं केलेलं. सतरा-अठरा वर्षांत एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. विमला जाडजूड, गुडघ्यांनी बेजार. तिने बॅटरी खोपीत ठेवली आणि कट्ट्यावर टेकली. हौसा गडग्याच्या आत उभी.

"भरायला किती वेळ लागंल?" विमलाने खांबाला विचारलं.

"वारा बरा हाय. दुपार कलंडेल," हौसाने शेळीला सांगितलं.

"मग बसतेच मी. दोनदा घाटी चढायचं माझ्या गुडघ्यात नाय."

ती बसली. दिवसभर बसली. वर पाती फिरत होती, भर्र भर्र. हौसा आत काजू फोडत होती, पण आज तिने पाट गडग्याजवळ ओढला होता. ऊन चढलं तशी विमलाने दोनदा ओठांवरून जीभ फिरवली. हौसाने ते पाहिलं. ती आत गेली, माठातलं पाणी तांब्यात घेतलं, तांब्या गडग्यावर ठेवला आणि पाठ करून काजूंना बसली. बराच वेळ काही आवाज नाही. मग गटगट ऐकू आलं. गडग्यावरचं पाणी कुणाच्या घरचं? आतलं की बाहेरचं? आप्पाला विचारलं असतं तर त्याने आणखी एक प्रश्न विचारला असता. दोघींनी विचारलंच नाही. तांब्या रिकामा झाला, हौसाने तो उचलला, आणि तिला इतकं रडू आलं की ती चुलीत फुंकर मारायच्या निमित्ताने आत जाऊन बसली.

तेव्हापासून विमलाचा दिवस म्हणजे हौसाचा सण. गडग्याच्या आत एक, बाहेर एक, मधे सुपलीभर काजू नाहीतर रातांबे. नवऱ्यांविषयी त्या कधी बोलल्या नाहीत. नारळाविषयी तर नाहीच. आमटीत काय घातलं, सून दीपाली कशी धावून धावून काम करते, मुलगा मुंबईहून फोन कधी करतो, हेच बोलणं. फक्त एक अडचण होती. पोटभर भरलेली बॅटरी आठवडाभर चालायची. म्हणजे विमला आठवड्याने यायची. मधले सगळे दिवस हौसाने काय करायचं?

एकदा असंच झालं. संध्याकाळ होत आली, विमलाला घाई होती, काटा हिरव्या रेघेच्या अलीकडेच होता. हौसाने चिमटे काढले. "ने. झाली." आणि विमला आठवड्याऐवजी पाचव्या दिवशी घाटी चढून आली! "उतरली गो लवकर," म्हणाली आणि कट्ट्यावर टेकली. हौसाच्या डोक्यात उजेड पडला तो तेव्हा.

चोरी म्हणाल तर चोरी नव्हती. कुणाचं काही घेतलं नव्हतं. भूक असेल त्याला एक घास कमी वाढला, तर तो पुन्हा ताटावर येतो, एवढंच. पहिल्यांदा विमलाची बॅटरी, मग गोदाची, मग सगळ्यांचीच. काटा हिरव्यावर जायच्या आत हौसाचा हात चिमट्यावर जायचा. बाया आठवड्याच्या पाच दिवसांवर आल्या, पाचाच्या चारावर. सड्यावर रोज कुणी ना कुणी असायचं. हौसा दोन वेळा केस विंचरायला लागली. गडग्याच्या आत तिने अबोली लावली आणि येईल तिला गडग्यावरून फुलांचा वळेसार गुंफून द्यायची. त्या दोन वर्षांइतकं सुख तिला आयुष्यात लागलं नव्हतं, आणि ते चोरट्या पावलांनी आलेलं सुख आहे हे तिला पुरतं ठाऊक होतं.

वाडीत मात्र कुरकुर सुरू झाली. चक्की कमजोर पडली. दिवे लवकर मिणमिणतात. अखेर आप्पाने शोध लावला: ज्या जागी खांब पुरलाय ती राखणदाराची वाट. गावाची राखण करत तो सड्यावरून फिरतो, त्याच्या वाटेत लोखंड रोवलं आणि त्याला साधा मान दिला नाही. रागावणार नाही तर काय! दुसऱ्या दिवशी सगळी वाडी वर आली. नारळ, विडी, काडेपेटी, एक कोंबडा. आप्पाने खांबापुढे उभं राहून गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा, लेकरांकडून काय चुकमाक झाली असंल..." आणि प्रत्येक वाक्याला वाडीने "होय महाराजा" म्हटलं. हौसाही म्हणाली. म्हणताना तिच्या अंगावर काटा आला. चूक कुणाची ते राखणदाराला माहीत नसेल काय? तो तर रोज इथूनच फिरतो!

घाबरली बिचारी. त्या दिवसापासून तिने प्रत्येक बॅटरी काटा हिरव्यावर ठरेपर्यंत भरली, वर थोडी जास्तच. दिवे पुन्हा बरे चालायला लागले. वाडी खूश. आप्पा तर कमरेवर हात ठेवूनच हिंडायला लागला: "पावला की नाय?"

पावला खरा. सगळ्यांना पावला आणि हौसाला सोडून गेला. सकाळ व्हायची, दुपार व्हायची, घाटीच्या तोंडाशी कुणाची चुंबळ दिसायची नाही. पाती आपली भर्र भर्र फिरत होती रिकाम्या चिमट्यांवर. ती गडग्याला हात टेकून उभी राहायची आणि उभीच राहायची. असा महिना तिने काढला. मग एका सकाळी खांबाकडे बघून तिने हात जोडले, "राखणदारा, तू रात्री येतोस. दिवसाचं मी काय करू, ते सांग." राखणदार काही बोलला नाही. त्या दिवशी विमला आली, आणि हौसाने काट्याकडे न बघता चिमटे काढले.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात विमलाचे गुडघे पार बसले. मुलाने मुंबईला न्यायचं ठरवलं, मोठ्या डॉक्टरांना दाखवायला. जायच्या आदल्या दिवशी ती बॅटरी घेऊन आली. खरं तर बॅटरी दीपालीने आणली आणि ठेवून गेली. विमला काठी टेकत नुसती मागून आली. दिवस सरला तरी उठेना.

"येते गो. आता बॅटरी दीपाली आणील."

"किती दिवस वयनी?"

"बघायचं. गुडघे काय म्हणतात त्यांच्यावर." मग गडग्यावरच्या चिऱ्यावर बोटाने रेघ ओढत ती म्हणाली, "हौसा, तुला एक सांगायचं होतं."

"काय?"

"नको. आल्यावर सांगते. हसशील."

हौसाने आग्रह केला नाही. परत आल्यावर बोलायला काहीतरी शिल्लक असू दे, असं तिला वाटलं.

दीपाली बॅटरी आणायची, ठेवायची आणि पळायची. तिला शेत, गुरं, घर, सगळं एकटीने ओढायचं होतं. त्यातून बॅटऱ्याही आता खरोखरच मरू लागल्या होत्या. हौसाने घाबरून पूर्ण भरल्या तरी दुसऱ्या दिवशी दिवा लाल पडायचा. एकेका घराने कंटाळून पुन्हा रॉकेलची चिमणी काढली. कार्तिकात तर सलग पंधरा दिवस सड्यावर कुणीच आलं नाही. हौसा वाट बघून थकली. मग गोदा आली, बॅटरी न घेता, वाट वाकडी करून. गुरं शोधायला निघाली होती म्हणे.

"विमला गेली गो. मुंबईलाच. दीपालीपण तिकडेच हाय. वाडीत सुतक होतं ना, म्हणून कोण वर आलं नाय. तुला कळलं नाय काय?"

कोण कळवणार? येणं-जाणं बंद असलेल्या घराला निरोप जात नाही. हौसा भावकीतली, सख्ख्या चुलतजावेचं सुतक तिला लागायला हवं होतं. ते सुतकसुद्धा तिला कुणी दिलं नाही. विमला जाऊन तेरावं उरकलं, आणि त्या दिवसांत हौसा इथे रोज दोन वेळा केस विंचरून घाटीकडे बघत बसली होती. तिने विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं, ओल्या लुगड्याने कट्ट्याजवळ आली आणि विमला बसायची त्या जागी हात ठेवून ओक्साबोक्शी रडली. गोदा थोडा वेळ उभी राहिली. मग गुरं शोधायला गेली.

फाल्गुनात संस्थेचा सलिल आला. सगळ्या बॅटऱ्या वर आणायला सांगितल्या. वाडी जमली, आप्पा पुढे. मुंबईहून परतलेली दीपालीही सासूची बॅटरी घेऊन आली होती. सलिलने एकेका बॅटरीची झाकणं उघडून काचेच्या नळीने आतलं पाणी ओढून पाहिलं आणि मान हलवत गेला.

"सगळ्या एकाच दुखण्याने गेल्यात," तो म्हणाला. "बॅटरीला कायम अर्धपोटी ठेवलं की ती आतून पांढरी पडते आणि मरते. मावशी, काटा हिरव्यावर जाईपर्यंत ठेवत होता ना?"

"हां," हौसा म्हणाली. सवयीने म्हणाली.

"मग वाराच कमी पडला. माझं मोजताना चुकलं असणार. नव्या बॅटऱ्या मिळतील, पण इथे देऊन त्याही मरतील. चक्की पलीकडच्या गावाला नेतो, तिथे वारा बरा आहे."

आप्पाने राखणदाराचं नाव काढलं. कुणीतरी म्हणालं, न्या, ही ब्याद. हौसा गडग्याच्या आत उभी होती, विमलाशी बोलायला उभी राहायची तिथेच. वर पाती फिरत होती. गप्प राहिली तर कुणाला काही कळणार नव्हतं. चक्की जाईल, कट्टा उरेल, आणि सडा पहिल्यासारखा होईल. बोलली तर चक्की राहील, पण तिच्या हातात कोण ठेवील? दोन्हीकडून ती एकटीच पडत होती. एकीकडून निदान वाडीला उजेड तरी मिळत होता. आणि खरं सांगायचं तर आपल्यापायी त्या वाऱ्यावर आळ यावा हे तिला सोसवेना. इतक्या वर्षांत न चुकता आलेला तेवढा एकच.

"वारा कमी नाय पडला," ती म्हणाली. "मी काटा हिरव्यावर जाऊच दिला नाय."

गोदाने विचारलं, "का गो?"

"पोटभर भरली की तुमी आठ दिवस येत नव्हता."

एवढंच ती बोलली. आप्पाला पहिल्यांदा आठवला तो कोंबडा. "अगो, मग आम्ही राखणदाराला फुकट..." त्याने वाक्य पुरं केलं नाही, कारण गोदाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याची वाचा बसली. कुणी शिव्या दिल्या असत्या तर हौसाला बरं वाटलं असतं. पण सगळे नजर चुकवत होते, प्रत्येकाला आपापली घाई आठवत होती.

सलिलने विमलाची बॅटरी पुन्हा उचलून पाहिली. "पण ही सगळ्यांच्या आधी कशी गेली? ही नुसती अर्धी भरलेली नाही. ही दर वेळी पार तळापर्यंत उपसलेली आहे."

दीपालीने पदर तोंडाला लावला होता. ती म्हणाली, "आमच्या सासूबाय दिवसाढवळ्या दोन्ही दिवे लावून ठेवायच्या. बाहेर लख्ख ऊन आणि घरात दिवे! मी ओरडायची, बंद करा म्हणून. तर म्हणायच्या, 'राहू दे गो. उतरली पायजे. हौसाकडं जायचाय.'"

हौसाने गडग्याचा चिरा धरला. सलिलला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. तो बॅटरीकडे बघून म्हणाला, "म्हणजे भरणारा पुरती भरत नव्हता आणि जाळणारा पुरती जाळत होता. दोघांच्या मधे ही कशी जगणार?"

चक्की तिथेच ठेवायची ठरली. नव्या बॅटऱ्या पावसाआधी येणार होत्या. काटा बघायला आळीपाळीने एकेका घराचं माणूस येईल, असं आप्पाने ठरवलं, आणि या वेळी त्याने प्रश्न विचारला नाही. हळूहळू सगळी घाटी उतरून गेली. मेलेल्या बॅटऱ्या ओळीने खोपीत पडून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाने शेळ्या बांधल्या, केस विंचरले, खोपीतून विमलाची बॅटरी पाटीत घातली आणि चुंबळीवर ठेवून घाटी उतरू लागली. वीस वर्षांत ती या वाटेने वाडीत गेली नव्हती. वाट रघूच्या दारावरून जायची, म्हणून लागेल ते मीठ-मिरची सड्यावरून पलीकडच्या गावातून आणायची. बाया दारांत येऊन बघत राहिल्या. ती कुणाकडे न बघता रघूच्या अंगणापाशी आली. अंगण नुकतं सारवलेलं होतं. तिने एकदा देवळाच्या दिशेने तोंड केलं, काय पुटपुटली ते तिचं तिला ठाऊक, आणि अंगणात पाय ठेवला.

दीपाली धावत आली. "काकी! अहो, ही कशाला आणलीत एवढी घाटी उतरून? मेलेली हाय ना ती!"

"तिची हाय. पोचवायला नको?" हौसाने बॅटरी ओटीवर उतरवली. मग म्हणाली, "आणि रिकाम्या हाताने कशी येऊ?"

दीपालीने आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. क्षणभर घोटाळली, तांब्या ओटीच्या कडेवर ठेवावा की हातात द्यावा. हौसाने हात पुढे केला, तांब्या घेतला आणि तिच्यासमोर पाणी प्यायली.

"कुठे बसायची ती?" तिने विचारलं.

"इथंच. ओटीच्या खांबाशी. दिवे लावायच्या आणि दिवसभर इथं बसून राहायच्या."

"अंधाऱ्या कोपऱ्यात? इथं काय हाय बघायला?"

"इथनं दिसतं," दीपाली म्हणाली.

हौसा त्या जागी बसली, खांबाला पाठ लावून. माडांच्या मधल्या फटीतून वर सडा दिसत होता. सड्यावर चक्की फिरत होती, तिच्याखाली गडगा, आणि गडग्याच्या आत ती रोज उभी राहायची ती जागा. एवढ्या लांबून माणूस केवढं दिसत असेल? बोटाएवढं. पण दिसत असणार. आता तिथे कुणी नव्हतं.